पौषातले रोडगे

नागपुरात घराचा स्लॅब टाकला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग वास्तू कधी?" खर्च किती आला, कर्ज किती वर्षांचं, नळाला पाणी येतं का, हे सगळं त्यानंतर. विचारणाऱ्याच्या मनात जिव्हाळाच असतो. पण ज्याचं घर झालेलं असतं त्याच्या हातात त्या वेळी काही म्हणजे काही उरलेलं नसतं. ग्रिलवाल्याचे द्यायचे असतात, मीटरचं डिपॉझिट भरायचं असतं, बोअरची मोटर बसवायची राहिलेली असते आणि बँकेचा हप्ता मात्र सुरू झालेला असतो. माणूस आयुष्यात सगळ्यात रिता होतो तो घर बांधून, आणि सगळ्यांना पोटभर जेवू घालायची वेळ त्याच्यावर नेमकी तेव्हाच येते.

आमचं घर बेसा भागातल्या एका लेआउटमध्ये आहे. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, समोर चार पावलांचं अंगण आणि शेजारी अजून कोणी न बांधलेला रिकामा प्लॉट. वास्तूचा विषय निघाला तेव्हा मी आणि नवरा कागद घेऊन बसलो. कॅटररने ताटामागे 280 रुपये सांगितले होते. 60 ताटं धरली तर 16,800. त्यात मंडप, खुर्च्या, दिवे, फुलं. इथवर ठीक होतं, ओढूनताणून जमलं असतं. पण खरा आकडा त्याच्या खाली होता. आत्यांना साड्या, मामांना कापडं, जावयांचा मान, बाकी पुरुषांना टोपी-दुपट्टा, बायकांना ब्लाउजपीस, घरचा म्हणून भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला, पूर्ण पोशाख. बेरीज 50,000 च्या वर गेली आणि त्यातला निम्म्याहून जास्त खर्च खाण्याचा नव्हताच, देण्याघेण्याचा होता.

माझं माहेर महालातलं. आमच्या घरी आहेराची वही होती, अजून आहे. लाल पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात उधारीची असते तशी. कोणत्या कार्यात कोणी काय दिलं, हे आईच्या बारीक अक्षरात त्यात लिहिलेलं. एका ओळीत नाव, गाव, आणि पुढे 51, 101, 251, किंवा "साडी, हलकी". पत्रिका आली की आई आधी ती वही काढायची. त्यांनी आपल्याकडे काय केलं होतं ते बघायची आणि त्यावर थोडं चढवून पाकीट भरायची. महिनाअखेरीला एकाच आठवड्यात दोन कार्यं आली की बाबा सायकलवरून कुणाकडे तरी उसने आणायला जायचे. त्या वहीला मी कधीच नावं ठेवणार नाही. लग्नघराला एकदम लागणारा पैसा दहा घरांनी मिळून उभा करायचा, हा त्यामागचा विचार चांगलाच होता. बँका कुणाला दारात उभं करत नव्हत्या तेव्हा याच वहीने कितीतरी पोरींची लग्नं निभावली.

पण चढवून देण्याची ती रीत फक्त वरच जाते. मी आज एखाद्या मामीला 900 रुपयांची साडी दिली, की तिच्या घरी कार्य निघेल तेव्हा तिला 1,000 ची शोधावी लागणार. मामी उमरेडला राहते. मामाची पेन्शन किती आहे हे मला माहीत आहे. म्हणजे माझ्या आनंदाचा बोजा मी तिच्या डोक्यावर ठेवणार, तोही मान म्हणून, आणि तिला नाही म्हणायची सोय नाही. कमी खर्चात कार्यक्रम करायचा म्हटलं की लोक यजमानाच्या खिशाचा विचार करतात. मला त्या दिवशी कागदाकडे बघताना पाहुण्यांचे खिसे दिसायला लागले. येण्याजाण्याचं भाडं, नवी साडी, पाकीट, आणि परत फेडायचं ओझं. साठ माणसांचा हा खर्च कुठल्याच कॅटररच्या कागदावर येत नाही, पण कार्यक्रम आमचा म्हणून होतो आमच्यामुळेच.

तेव्हा आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पूजा वेगळी, जेवण वेगळं. वास्तुशांती मार्गशीर्षात चांगला दिवस बघून केली. गुरुजी, दोन्हीकडचे आईवडील आणि आम्ही, एवढेच. घरी पुरण घातलं. देवाधर्माचं जे करायचं ते पूर्ण केलं, त्यात कुठे काटकसर केली नाही. आणि लोकांना बोलवायला निवडला पौषातला रविवार, संक्रांतीच्या आधीचा.

पौष म्हटल्यावर आत्याबाईंचा फोन आलाच. "काऊन वं, पौषात कोणी घर दाखवते का?" मी सांगितलं, आत्या, पूजा होऊन गेली, देव बसले, आता फक्त जेवायला या. त्या थोडं थांबल्या. "मंग जेवाले पौष काय अन् माघ काय," म्हणाल्या आणि कोणती बस पकडायची ते विचारायला लागल्या.

पौषात आपल्याकडे लग्नं नसतात, आणि हाच त्या महिन्याचा मोठा फायदा. मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबराच्या आसपास, नागपुरात लग्नांची गर्दी असते आणि त्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. 1953 च्या नागपूर करारातून आलेलं हे अधिवेशन आम्हा नागपूरकरांना प्रिय आहे, पण त्या दिवसांत गाडी, खोली, आचारी काहीही मागायला गेलात तर समोरचा आधी तारीख विचारतो आणि मग भाव सांगतो. पौष लागला की बिछायत केंद्रात खुर्च्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या असतात. आमच्या चौकातल्या बिछायतवाल्याने सतरंज्या, मोठे गंज, पाण्याची टाकी आणि म्हाताऱ्यांपुरत्या खुर्च्या मिळून 2,000 घेतले आणि स्वतःच्या गाडीने पोचवून दिलं. आचारी लावायचाच असता तरी त्याने आमच्या सवडीने वेळ दिला असता.

वेळ दुपारची ठेवली, हेही पैशाच्याच हिशेबाने. नागपूरचं ऊन मे महिन्यात माणसाला जगू देत नाही. पारा 45 च्या वर जातो आणि बिन कुलरच्या मंडपात पाहुणा बसवणं म्हणजे त्याला शिक्षाच. पण जानेवारीतल्या दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. रात्रीचा कार्यक्रम असता तर दिवे, पडदे, शेकोट्या, सगळं लागलं असतं. दुपारी काहीच लागलं नाही. मंडपसुद्धा नाही. शेजारच्या प्लॉटच्या मालकांना फोन करून परवानगी घेतली, ते पुण्याला असतात, आनंदाने हो म्हणाले. तिथलं वाळलेलं गवत आधीच कापून घेतलं, कारण आम्हाला तिथे विस्तव करायचा होता आणि या दिवसांत गवताला ठिणगी पुरते. जमिनीवर पाणी मारून ती चोपून घेतली. वाळूची घमेली आणि पाण्याचा ड्रम जवळ ठेवला.

घरात सोफा नव्हता, पडदे नव्हते, दिवाण नव्हता. काही जणांनी सुचवलं की सामान येऊ द्या, मग बोलवा, घर शोभून दिसेल. मला उलट वाटलं. रिकामं घर बसायला सगळ्यात मोठं असतं. पुढची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजीने भरली आणि तीत पंचवीस माणसं सहज टेकली. लेकरांना पळायला जागा राहिली. काही सांडलं तर फरशी पुसली की झालं. घर दाखवायचं असेल तर सामान लागतं. घरात माणसं बसवायची असतील तर जागा लागते. आणि कर्ज काढून विकत घेतलेला सोफा केवळ त्या दिवशी दिसावा म्हणून महिनाभर आधी आणण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

आता जेवण. माझं सासर मोर्शीकडचं आणि तिकडे चार माणसं जमवायची म्हणजे रोडगे, गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे. शेतात, देवळाजवळ, नवस फेडायला, नुसत्या गप्पांना, कशालाही रोडगे. रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, तूप, भात. यात गोडाधोडाचा पदार्थ नाही, स्टार्टर नाही, तीन प्रकारच्या भाज्या नाहीत, आणि जेवून उठलेला माणूस कशाची कमी होती असं म्हणत नाही. भासरे म्हणाले, "बाई, तू फक्त डाळ शिजव. बाकी आमच्याकडे." ते गावाहून गहू, गोवऱ्यांची पोती आणि संत्र्यांची क्रेटं घेऊन आदल्या रात्रीच आले. संत्र्यांचे पैसे त्यांना बळजबरीने दिले, कारण बागेला या वर्षी भाव नव्हता आणि घरचं म्हणून फुकट घेणं मला बरं वाटलं नसतं.

रोडगा नीट व्हायचा तर सुरुवात चक्कीवरून होते. गहू पोळीच्या पिठापेक्षा भरड दळायचा, हाताला खरखरीत लागला पाहिजे. त्यात मीठ, चुरगळलेला ओवा, तेलाचं मोहन. कणीक घट्ट भिजवून बाजूला ठेवायची. मग लहान चकत्या लाटायच्या, एकेकीला तेलाचा हात लावून एकीवर एक ठेवायच्या आणि ती चवड एका मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळायचा. वरून बघणाऱ्याला नुसता कणकेचा गोळा दिसतो. तोवर तिकडे गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. इथे उतावीळ माणसाचं काम नाही. धूर पूर्ण निघून जाऊन सगळ्या गोवऱ्यांचा लाल आर होईपर्यंत थांबायचं, नाहीतर रोडग्याला धुराचा वास लागतो. मग आर पसरून त्यावर गोळे मांडायचे आणि फिरवत राहायचं. वरचं कवच टणक झालं, कुठे कुठे काळे डाग पडले, की ते गरम राखेत पुरून टाकायचे आणि विसरून जायचं. तासाभराने भासऱ्यांनी पहिला रोडगा काढला, गोणपाटावर लोळवून राख झाडली, फडक्यात धरून दोन्ही तळव्यांमध्ये दाबला. टक्कन फुटला. आतून वाफ आली आणि थर पाकळ्यांसारखे सुटे झाले. त्यावर चमच्याने नाही, वाटीने तूप.

तुपाबद्दल आमच्यात वाद झाला नाही, कारण ते आधीच ठरलं होतं. जिथे हात आखडायचा तिथे पूर्ण आखडायचा, पण ताटात नाही. 60 माणसांना 10 किलो पीठ, साडेतीन किलो तुरीची डाळ, 8 किलो वांगी आणि 3 किलो तूप. या सगळ्यात महाग काय ते तूपच होतं आणि ते सगळं संपलं. वांगी नवऱ्याने पहाटे कॉटन मार्केटमधून आणली. हिवाळ्यात वांगं स्वस्तही असतं आणि चवीलाही तेव्हाच असतं. ज्या मोसमात जे मातीतून भरभरून येतं ते रांधलं की खर्च आपोआप खाली येतो. भाजीत आलू, सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि भिवापूरच्या मिरचीचं तिखट. तिचा रंग तर्रीवर येतो तसा दुसऱ्या मिरचीचा येत नाही, असं माझं ठाम मत आहे. गोडाला संत्री. जेवण झाल्यावर लोक उन्हात बसून सोलत होते, फोडी एकमेकांच्या हातावर ठेवत होते. जेवणाचा सगळा खर्च, चहासकट, 6,000 च्या आत बसला.

ताटं पळसाच्या पानांची. राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर मार्च 2018 मध्ये बंदी आली, तेव्हापासून कागदी प्लेटा आल्या, पण त्यातल्या बऱ्याच वरणाने मऊ पडून मांडीवर गळतात. पळसाची पत्रावळ जमिनीवर ठेवून जेवायची असते आणि आम्ही तशीच पंगत बसवली. इतवारीतून गठ्ठा आणला, आदल्या दिवशी पाणी शिंपडून पुसून ठेवला. वरणाला द्रोण. नंतर उष्ट्या पत्रावळी आम्ही अंगणात झाडांसाठी केलेल्या खड्ड्यांमध्येच टाकल्या आणि वरून माती लोटली. कचऱ्याची पिशवी एकच निघाली.

घासायचे गंज आणि भांडी मात्र होतीच. त्याला वस्तीतल्या दोघी जणी सांगितल्या होत्या आणि त्यांची मजुरी आम्ही घासाघीस न करता दिली. जेवायला त्या पंगतीत आमच्यासोबत बसल्या. बजेट कमी आहे म्हणून राबणाऱ्याचे पैसे कापायचे, ही काटकसर मला मान्य नाही.

एक गोष्ट घडेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. रोडगे हा पुरुषांचा स्वयंपाक. आर लावायचा, गोळे फिरवायचे, राख झाडायची, वाढायचं, हे सगळं आमच्याकडे बाप्या माणसं करतात. भासरे, नवरा, माझा भाऊ, त्याचे ऑफिसातले मित्र, सगळे बाह्या वर करून गोवऱ्यांभोवती. जे पहिल्यांदाच आले होते त्यांच्याही हातात चिमटा आला आणि ओळखी तिथेच झाल्या. रोडगा करपू नये याची काळजी करणारी दोन माणसं फार वेळ परकी राहत नाहीत. आणि त्यामुळे झालं काय, तर बायका बसल्या. माझी आई, सासूबाई, उमरेडची मामी, आत्याबाई, भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. सासूबाईंनी आयुष्यात किती पंगती उठवल्या असतील, पण कार्य घरचं आणि त्या पहिल्या पंगतीला, हे मी त्या दिवशी बघितलं. त्या दोनदा उठल्या, दोनदा भासऱ्यांनी बसवलं. मीसुद्धा बसले. माझ्याच घरी आलेल्या माणसांशी मी पूर्ण वाक्यं बोलले, नाहीतर कार्यात घरची बाई "घ्या ना अजून" यापलीकडे काय बोलते?

आहेराचं काय केलं, ते सांगते. "आहेर आणू नये" असं पत्रिकेवर छापलेलं कोणी खरं मानत नाही, तो शिष्टाचार समजतात. म्हणून मी मेसेजमध्ये असं लिहिलं: "आहेर, भेटवस्तू, पाकीट काही आणू नका. आमच्या अंगणात अजून एकही झाड नाही. तुमच्या घरी जे उगवतं त्याची एक फांदी आणा. ते नसेल तर नुसते या." काही आणू नका म्हटलं की माणसाला रिकाम्या हाताने यायची लाज वाटते. ती लाज खरी असते, तिला काहीतरी द्यावं लागतं. फांदीला किंमत नसते आणि ती वहीत चढत नाही. पुढच्या वेळी त्याहून मोठी फांदी द्यायची, असं कोणाला वाटणार नाही.

लोकांनी आणल्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, दुधाच्या पिशवीत माती भरून, एकाने तर स्कूटरवर पुढे उभा धरून मुंगण्याचा, म्हणजे शेवग्याचा, हाताएवढा दांडा आणला. जास्वंद तीन रंगांची आली. गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, रोपं इतकी आली की निम्मी आम्ही परत जाणाऱ्या पाहुण्यांना दिली. मामीने गवती चहाचा ठोंब आणला आणि वर सांगितलं, "याले मोरीच्या पाण्यावर लाव, आपोआप वाढते." मामी साडी नेसून आल्या होत्या ती जुनीच होती आणि त्याबद्दल त्या मोकळेपणाने बोलल्या. हे मला सगळ्यात जास्त भावलं. दरवेळी त्यांच्या डोळ्यांत कार्यात शिरताना जो एक हिशेब असायचा तो त्या दिवशी नव्हता.

आत्याबाईंनी मात्र ऐकलं नाही. निघताना माझी मूठ धरून त्यांनी तीत 101 रुपये कोंबले. नवरा नको म्हणायला पुढे झाला, मी त्याला अडवलं. ऐंशीच्या घरातली बाई आशीर्वाद म्हणून हातावर काही ठेवते तेव्हा आपला नियम तिच्यावर चालवायचा नसतो. मी वाकून नमस्कार केला आणि पैसे देवाजवळ ठेवले. आईने विचारलं, "वहीत लिहू का?" मी म्हटलं, लिही, पण आत्याला फेडायचं म्हणून नको, आत्या आली होती म्हणून लिही.

सगळं मिळून खर्च 10,000 च्या थोडा वर गेला.

आमच्याच ओळीत, चार प्लॉट सोडून, एका तरुण जोडप्याचं प्लास्टर चालू आहे. ती मुलगी परवा संध्याकाळी फाटकाशी आली. तिच्या सासरचे तुमसरकडचे, माणसं शंभराच्या घरात, आणि घरात साड्यांच्या यादीवरून बोलणं चाललेलं. रोडगे शंभर जणांना जमतील का, तिने विचारलं. मी म्हटलं, जमतील, फक्त आर दोन ठिकाणी लावा आणि पीठ 16-17 किलो धरा. चक्कीवाल्याला रोडग्याचं म्हणून सांग, तो बरोबर भरड काढतो. आहेराचं तोंडी सांगू नको, लिहून पाठव, आणि घरातल्या मोठ्यांच्या नावाने पाठव, म्हणजे कोणाला वाटणार नाही की सून नवीन रीत पाडून राहिली. तूप पुरलं की नाही ते आदल्या दिवशी परत बघ. गोवऱ्यांचं मी भासऱ्यांना आजच विचारते.